पुण्यातली २०१५ ची रॅपिड, कोल्हापूरचे रस्ते आणि बाजूला ठेवायचे पैसे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही कळंब्यात राहता, नोकरी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत. घरी पत्नी, दोन मुलं आणि गुडघ्याचा त्रास असलेली आई. महिन्यातून एकदा फोंडा घाटानं कणकवलीला सासरी जाणं होतं. बजेट पाच लाख. पुण्यातल्या एका डीलरकडं २०१५ पासिंगची स्कोडा रॅपिड, दीड लिटर डिझेल ऑटोमॅटिक, ८५ हजार किलोमीटर पळालेली, साडेचार लाखांना मिळतेय. चालवून बघितली आणि मनात भरली. पण ऑफिसातले आणि पैपाहुणे सगळे एकच सांगतात, "युरोपियन गाडीच्या नादाला लागू नको, मेंटेनन्सनं कंबरडं मोडेल. डिझायर घे आणि निवांत झोप."

मी उद्यमनगरच्या बाजूला गॅरेज चालवतो आणि माझ्याकडं काम जास्त करून स्कोडा-फोक्सवॅगनचंच येतं. मला या गाड्या आवडतात. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं सगळं त्या हिशेबानं वाचाल.

पाहुण्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही, पण ते सगळे खर्च एकाच पोत्यात भरतात. वर्षाची साधी सर्व्हिस म्हणजे ऑइल, फिल्टर, ब्रेक पॅड. यात डिझायरपेक्षा थोडे जास्त जातील, पण त्यानं कुणाचं घर बसत नाही. खरा फटका बसतो तो आधीच्या मालकानं पुढं ढकललेल्या कामांचा. गाडी विकायचीच आहे म्हटल्यावर शेवटची दोन वर्षं कुणी तिच्यावर खर्च करत नाही. बुश वाजतोय, वाजू दे. बेल्ट बदलायला आलाय, पुढचा बघेल. तो पुढचा म्हणजे तुम्ही. आणि इथं एक गोष्ट नीट लक्षात घ्या: नवीन असताना दहा-बारा लाखांना गेलेली गाडी तुम्हाला साडेचार लाखांना मिळते, पण तिचे पार्ट मात्र दहा-बारा लाखांच्या गाडीच्या भावानंच मिळतात. गाडीची किंमत पडते, पार्टची पडत नाही. म्हणून पाच लाखांच्या बजेटमध्ये साडेचारची गाडी बसत नाही. चारची बसते, आणि एक लाख पहिल्या वर्षासाठी बँकेत राहतात. ज्यांनी असा हिशेब करून गाडी घेतली ती माणसं वर्षानुवर्षं आनंदानं वापरताना मी बघतो. शिल्लक शून्य ठेवून घेणारे बहुतेक सहा-आठ महिन्यांत गाडी परत विकायला काढतात, आणि मग गावभर सांगत फिरतात की स्कोडा घेऊ नका.

आता तुमच्या गाडीतल्या सगळ्यात महाग प्रश्नाकडं येऊ, तो म्हणजे गिअरबॉक्स. २०१४ च्या शेवटी रॅपिडमध्ये दीड लिटर टीडीआय, म्हणजे टर्बो डिझेल इंजिन आलं, आणि त्याच्या ऑटोमॅटिकला डीएसजी नावाचा सात गिअरचा गिअरबॉक्स बसवला. याला दोन क्लच असतात, एक १, ३, ५, ७ साठी आणि दुसरा २, ४, ६ आणि रिव्हर्ससाठी. ते कोरडे असतात, ऑइलमध्ये बुडालेले नसतात. ऑक्टाव्हियाच्या दोन लिटर डिझेलला सहा गिअरचा ओला डीएसजी येतो, तो प्रकार वेगळा. त्याचं ऑइल ६० हजार किलोमीटरला बदललं की तो जड काम निमूट सोसतो. कोरड्या क्लचला उष्णता सहन होत नाही, आणि उष्णता तयार होते ती रांगत्या ट्रॅफिकमध्ये, चढावर ॲक्सिलरेटरच्या जोरावर गाडी धरून ठेवण्यात. हायवेवर सहाव्या-सातव्या गिअरला क्लच पूर्ण पकडलेला असतो, तिथं त्याची झीज जवळपास नाहीच.

त्यामुळं तुमच्या वापराला डीएसजी लोक म्हणतात तितका वाईट नाही. कळंब्याहून शहरात न शिरता तुम्ही हायवेला लागता आणि कागलपर्यंत एका लयीत जाता. सातारा-कागल सहापदरीकरणाची डायव्हर्जन वगळली तर ही वाट त्याला मानवणारी आहे. रोज दाभोळकर कॉर्नर, सीबीएस, महाद्वार रोड अशा गर्दीतून ये-जा असती तर मी इथंच नको म्हणालो असतो. पण ही गाडी पुण्यात वापरली गेलीय. आधीची वर्षं हिंजवडीच्या रांगेत गेली असतील तर ८५ हजार किलोमीटर हा आकडा क्लचबद्दल काहीच सांगत नाही.

मग कळायचं कसं? डीलर तुम्हाला थंड गाडी देतो, मोकळ्या रस्त्यावर दोन किलोमीटरची चक्कर मारून आणतो. त्यात सगळे डीएसजी लोण्यासारखेच वाटतात. तुम्ही गाडी कमीत कमी पाऊण तास गर्दीतून चालवा, चांगली तापू द्या. मग कात्रजच्या चढाला एकदा थांबून परत उठवा. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना, आणि वेग कमी होताना दुसऱ्यातून पहिल्यात येताना, सीटला आणि स्टेअरिंगला थरथर जाणवते का बघा. शेवटी एखाद्या बेसमेंट पार्किंगच्या उतारावरून रिव्हर्समध्ये हळूहळू वर घ्या. क्लच संपत आला असेल तर इथं गाडी धक्के देत चढते. डीलर म्हणेल, "डीएसजीचं असंच असतं." नसतं. चांगल्या क्लचची गाडी रिव्हर्सलाही पाणी वाहावं तशी हलते. मीटरवर गिअरचा आकडा लुकलुकला किंवा पान्याचं चिन्ह आलं तर तिथंच चावी परत द्या. क्लच पॅक बदलायचा तर पाऊण लाख ते लाख धरून चाला. गिअर आणि क्लच हलवणारं कंट्रोल युनिट, म्हणजे मेकॅट्रॉनिक गेलं तर त्याहून जास्त.

मॅन्युअल का नको, असं मी गिऱ्हाईकाला आधी विचारतोच. तुमचं कारण रास्त आहे, पत्नी नुकत्याच गाडी शिकताहेत. ऑटोमॅटिकच हवी तर रॅपिडमध्येच १.६ पेट्रोलला सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर यायचा, म्हणजे क्लचऐवजी ऑइलमधून जोर पुढं देणारा ऑटोमॅटिक. तो जुन्या पद्धतीचा आणि दणकट, गर्दीतही कुरकुरत नाही. पण पेट्रोल पितो. तुमची रोजची चाळीसेक किलोमीटर आणि कणकवली धरून वर्षाला १३ हजारांच्या आसपास रनिंग होईल. डिझेलला १८ चं ॲव्हरेज धरलं तर साधारण ७२० लिटर, पेट्रोल ऑटोमॅटिकला १३ धरलं तर हजार लिटर. आपल्याकडं डिझेल नव्वदीच्या आणि पेट्रोल शंभरीच्या पुढं आहे, म्हणजे वर्षाला जवळपास चाळीस हजारांचा फरक. दोन-अडीच वर्षांत डिझेलनं एका क्लच पॅकचे पैसे वाचवले. यासाठीच "डीएसजी म्हणजे सापळा" असं सरसकट म्हणणं मला पटत नाही. हिशेब तुमच्या किलोमीटरवर ठरतो. वर्षाला सहा-सात हजारच चालणार असती तर डोळे झाकून पेट्रोल सांगितलं असतं.

पेट्रोलचा आणखी एक मुद्दा आहे. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. त्यातलं कितीतरी इथेनॉल आपल्याच जिल्ह्याच्या उसातून येतं, त्याचा मला आनंदच आहे. पण २० टक्क्यांना धरून बनवलेल्या गाड्या २०२३ पासूनच्या. त्याआधीच्या पेट्रोल गाडीत रबरी नळ्या आणि फ्युएल पंपावर लक्ष ठेवावं लागतं आणि ॲव्हरेजही थोडं उतरतं.

आता इंजिन. दीड लिटर टीडीआय हे या गाडीतलं सगळ्यात भरवशाचं अंग आहे, पण तिला टायमिंग बेल्ट आहे, चेन नाही. बेल्ट तुटला तर पिस्टन वर येऊन व्हॉल्व्हवर आपटतो, व्हॉल्व्ह वाकतात आणि हेड उतरवावं लागतं. गाडीबरोबरच्या पुस्तकात तो बदलायचा किलोमीटरचा आकडा दिलेला असतो, पण तो बघून "अजून अवकाश आहे" म्हणू नका. गाडी दहा वर्षांची झाली, रबराला वयही असतं. बेल्ट बदलल्याची पार्ट नंबरसकट पावती हातात नसेल तर गाडी कोल्हापुरात आल्यावर पहिलं काम तेच. बेल्टबरोबर त्याला ताणून आणि वाटेवर धरणाऱ्या पुली, म्हणजे टेन्शनर आणि आयडलर, आणि वॉटर पंपही बदला. पंप त्याच बेल्टवर फिरतो. मागं गडहिंग्लजच्या एका गिऱ्हाईकानं दुसरीकडं नुसता बेल्ट टाकून घेतला होता, पंप जुनाच. माझ्याकडं गाडी टो होऊन आली तेव्हा कव्हर काढल्यावर आत सगळीकडं गुलाबी कूलंटचे वाळलेले ओघळ आणि बेल्टची एक कड दोऱ्यासारखी उसवलेली. पंपाच्या सीलमधून कूलंट ठिबकत होतं आणि ते बेल्टवर पडत होतं. इंजिन वाचलं ते एवढ्यासाठी की तापमानाचा दिवा लागल्या लागल्या त्यांनी गाडी बंद केली. तो दिवा लागला की पुढच्या गावापर्यंत नेऊ असा विचार कधीही करू नका.

त्याच गुलाबी-जांभळ्या कूलंटबद्दल एक कळकळीची विनंती. त्यात हिरवं कूलंट ओतू नका, बोअरचं पाणी तर अजिबात नको. मिसळलं की गाळ धरतो आणि रेडिएटरच्या बारीक नळ्या बुजतात. ऑइलचंही तसंच आहे. डब्याच्या पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात ५डब्ल्यू-३० किंवा ५डब्ल्यू-४० लिहिलेलं असतं, ते पुरेसं नाही. डबा फिरवून मागचं बारीक अक्षर वाचा. तिथं ५०२ ००, ५०५ ०१, ५०७ ०० असे फोक्सवॅगनचे आकडे असतात, स्कोडा त्याच समूहातली. तुमच्या गाडीच्या पुस्तकात जो आकडा आहे तोच डब्यावर हवा. कंपनी १५ हजार किलोमीटर किंवा वर्ष सांगते. आपल्याकडची धूळ आणि गाडीचं वय बघून मी १० हजारांलाच बदलतो.

आणखी एक जुनी गोष्ट विचारून घ्या. डिझेल गाड्या चाचणीत प्रदूषण कमी दाखवतात हे प्रकरण बाहेर आल्यावर डिसेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगन समूहानं भारतात ३,२३,७०० गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावण्याचं जाहीर केलं. त्यात २००८ पासून नोव्हेंबर २०१५ पर्यंतच्या डिझेल गाड्या होत्या आणि दीड लिटरचं इंजिनही होतं. २०१५ पासिंगची गाडी त्यात बसण्याची शक्यता दाट आहे. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला चासी नंबर दिलात की काम झालंय की नाही कळेल. त्याच वेळी सर्व्हिसचा इतिहासही मागा. ८५ हजार खरे की मीटर मागं फिरवलेला, हे तिथल्या नोंदींवरून लगेच उघडं पडतं. नोंदी मध्येच थांबल्या असतील तर ब्रेक पेडलचं रबर आणि ड्रायव्हर सीटची दाराकडची कड बघा. ८५ हजाराला ती कड फाटत नाही.

आपल्या भागातल्या माणसाला पुराबद्दल वेगळं सांगायला नको. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये कोल्हापूर-सांगलीत किती गाड्या पाण्यात उभ्या होत्या ते सगळ्यांनी बघितलंय. त्यातल्या काही लिलावात गेल्या, धुऊन-पुसून लांबच्या शहरात विकल्या गेल्या, आणि काही फिरून परत आल्या. या गाड्यांत इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक, एअरबॅग या सगळ्यांचे कंट्रोल युनिट एकमेकांशी तारांनी बोलत असतात. पाण्यात गेलेल्या जोडाला वर्ष-दोन वर्षांनी हिरवी बुरशी धरते आणि मग रोज नवा दिवा लागतो. तपासायची पद्धत साधी आहे. मागचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. कुणी तो पूर्ण ओढत नाही, त्यामुळं धुणारा तिथं पोचत नाही. शेवटच्या वीतभर पट्टीवर मातकट रेघ दिसली किंवा नाकाशी धरल्यावर कुबट वास आला तर विषय संपला. सीटच्या रुळांखाली आणि स्टेपनीच्या खड्ड्याच्या तळाशी गाळ बघा. इग्निशन ऑन केल्यावर एअरबॅगचा दिवा लागून विझला पाहिजे. लागलाच नाही तर कुणीतरी तो बंद करून ठेवलाय.

आता गॅरेज. गाडी घेण्याआधी तुमचा मेकॅनिक ठरवा. त्याच्याकडं फोक्सवॅगन समूहाच्या गाड्यांचा स्कॅनर आहे का, हा पहिला प्रश्न. कुठल्याही गाडीला जोडता येणारा साधा ओबीडी स्कॅनर इंजिनच्या बिघाडाचे कोड दाखवतो, पण क्लचची झीज आणि मेकॅट्रॉनिकच्या नोंदी वाचत नाही. दुसरा प्रश्न, तो पार्ट कसा मागवतो. चांगला माणूस चासी नंबरवरून पार्ट नंबर काढतो आणि मगच फोन करतो. पुण्या-मुंबईहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सला पार्सल टाकलं की सकाळी माल हातात असतो, तेव्हा "कोल्हापुरात पार्ट मिळत नाहीत" हे आता खरं नाही. कंपनीच्या डब्यातलाच पार्ट हवा असंही नाही. या गाड्यांना मुळात बॉश, लुक, साक्स, मान अशा कंपन्यांचा माल लागतो आणि तोच त्यांच्या स्वतःच्या डब्यात स्वस्त मिळतो. डुप्लिकेट मात्र नको, निदान बेल्ट, क्लच आणि ब्रेकला तरी नको. इथं लेथ आणि कास्टिंगच्या कामात आपल्या उद्यमनगरचा हात कुणी धरणार नाही, पण म्हणून प्रत्येक पार्ट जुगाडानं बसवायचा नसतो.

पहिल्या वर्षात अजून काय निघेल? पुढच्या सस्पेन्शनमधले लोअर आर्म बुश आणि लिंक रॉड, हे जवळजवळ नक्की. खड्ड्यात डाव्या-उजव्या बाजूला खडखड ऐकू आली तर तेच. काम मोठं नाही, पण लांबवलं तर टायर आतून खातात. पॉवर विंडोची प्लास्टिकची क्लिप तुटून काच दारात पडणं हेही या गाड्यांचं जुनं दुखणं. बॅटरी कमजोर झाली की एकाच वेळी चार दिवे पेटतात, तेव्हा घाबरून कुणाला कंट्रोल युनिट उघडायला देऊ नका, आधी बॅटरी तपासा. आणि तार कापून लावलेला स्टिरिओ किंवा जादा लाइट दिसले तर तेवढे पैसे किमतीतून वळते करून घ्या.

गाडी डिझायरपेक्षा जड आणि रस्त्याला धरून चालते. पुणे-कोल्हापूर करून आल्यावर आईंना फरक लगेच जाणवेल. पण पाच माणसं आणि सामान भरल्यावर गावातल्या उंच गतिरोधकावर ती पोटाला लागते. चेंबरखाली, म्हणजे इंजिनच्या ऑइलच्या टाकीखाली, पत्र्याचा गार्ड आहे का आणि तो चेपलाय का, रॅम्पवर चढवून बघा. गतिरोधक तिरका घ्यायची सवय लावून घ्या. कळंब्याकडं अजून शेतं लागून आहेत, ऊसतोड झाली की उंदीर घराकडं येतात आणि बोनेटखालच्या गरम जागेत बसून वायर कुरतडतात. गाडी आठ-आठ दिवस उभी ठेवू नका, ठेवलीच तर चालू करण्याआधी बोनेट उघडून बघा. फोंडा उतरताना डीएसजी मॅन्युअलला घेऊन तिसऱ्यात ठेवा, ब्रेक तापणार नाहीत. सिग्नलला किंवा ट्रॉलीच्या मागं थांबलात की ब्रेक पूर्ण दाबा, म्हणजे क्लच सुटा होतो. अर्धवट ब्रेकवर रांगत राहणं हेच त्याला मारतं. पत्नींना हे पहिल्याच दिवशी शिकवा.

माझा सल्ला असा. तापलेल्या गाडीची ती चाचणी डीलरनं करू दिली, क्लच स्वच्छ निघाला, सर्व्हिसच्या नोंदी जुळल्या आणि किंमत चारच्या आसपास आली, तर घ्या. यातलं एक जरी अडलं तर हीच गाडी मॅन्युअलमध्ये शोधा. ती तुलनेनं स्वस्त मिळते, आणि पत्नी सहा महिन्यांत मॅन्युअलवरही तयार होतील. आणि बाजूला लाखभर ठेवणं जमणारच नसेल, तर पाहुण्यांचं ऐका. डिझायर चांगली गाडी आहे, आणि ओढाताणीत युरोपियन गाडी घेण्यापेक्षा ती कधीही बरी.

व्यवहार ठरला तर कागद. पुण्याची एमएच-१२ किंवा एमएच-१४ ची गाडी एमएच-०९ ला आणताना तिथल्या आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म २८, आणि नाव बदलायला फॉर्म २९ व ३०. आरसीवर कर्जाचा बोजा असेल तर तो उतरवायचं बँकेचं फॉर्म ३५ आणि नाहरकत पत्र हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका, "नंतर कुरिअर करतो" यावर विसंबू नका. २०१५ च्या गाडीचं रजिस्ट्रेशन २०३० ला पंधरा वर्षं पूर्ण करेल, मग फिटनेस आणि ग्रीन टॅक्स. म्हणजे चार-पाच वर्षं वापरून विकताना फार किंमत येणार नाही, हे आजच गृहीत धरा. इन्शुरन्स १४ दिवसांच्या आत स्वतःच्या नावावर करून घ्या, नाहीतर तुमच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडकतो. नो क्लेम बोनस आधीच्या मालकाबरोबर जातो, त्यामुळं प्रीमियम डीलरनं दाखवलेल्या पॉलिसीपेक्षा जास्त येईल. तो आकडा आधीच काढून त्याच लाखातून वेगळा ठेवा.